साडूची बॅटरी

माझ्या धाकट्या साडूचा मी दोन दिवस जेवढा हेवा केला, तेवढा पुढं आयुष्यात कुणाचाच केला नाही. त्यानं माझं काही घोडं मारलं नव्हतं. माणूस गरीब, बोलायला गोड, मला पहिल्या भेटीपासून ‘दादा’ म्हणणारा. पण त्याच्याकडे लॅपटॉप होता आणि तो त्यानं माझ्या सासुरवाडीच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत उघडला. एवढं मला पुरलं.

तेव्हा बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं बॅटरीचं दुकान होतं. ट्रॅक्टर, ट्रक, जीप यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, ॲसिडचं पाणी तपासायचं, प्लेटा बदलायच्या. माझी एकही पँट अशी नव्हती जिला ॲसिडनं भोकं पाडली नव्हती. कन्हेरीपासून कोऱ्हाळ्यापर्यंतचे लोक ट्रॅक्टर ढकलत आणायचे आणि चालू करून न्यायचे. धंद्यात मला मान होता, पण खरा मान सासुरवाडीत. इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या कडेला त्यांचं गाव. त्या घरची थोरली लेक माझी बायको. लग्नानंतर पाच वर्षं मी तिथला एकुलता एक जावई होतो, आणि नुसता पाटावर बसून जेवणारा जावई नव्हे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मी बसवलेला, टीव्हीचा अँटेना मी फिरवलेला, घरातला एकूण एक बोर्ड माझ्या हातचा. काही बिघडलं की सासरे शेजारपाजाऱ्यांना बजावायचे, “आमचं पाव्हणं येऊंद्यात. तवर कुणी हात लावू नगा.”

मी गेलो की ओसरीच्या कोपऱ्यात बंद पडलेल्या वस्तूंची रांग माझी वाट बघत असायची. बायको म्हणायची, “तुमी पाव्हणचाराला जाता का मिस्त्रीकामाला?” पण मला ती रांग आवडायची. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच मी उन्हातान्हाची स्कूटर हाणत जायचो.

मग मेव्हणीचं लग्न झालं. जावई पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. आणि लग्नाला सहा महिने होतायत न होतायत तोच ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला. म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना. माझा तेरावा महिना तर पंचांगातच छापून आला होता.

अधिक महिन्यात आमच्याकडे लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, जावयाचे पाय धुतात, आहेर करतात. लग्नानंतरचा पहिला धोंडा सगळ्यात मोठा. शनिवारी दुपारी दोन पाट मांडले. मी थोरला, म्हणून सासऱ्यांनी आधी माझे पाय धुतले. तिथवर ठीक होतं. मग आहेराची ताटं आली. माझ्या ताटात टॉवेल, टोपी, पँटपीस. त्याच्या ताटात सोन्याची अंगठी. आता पहिल्या धोंड्याला मलाही सासऱ्यांनी मनगटी घड्याळ दिलं होतंच की, आणि ऐपतीप्रमाणे दिलं होतं. हे सगळं मला कळत होतं. कळूनही ती अंगठी मला डोळ्यात खुपत होती. साडू म्हणाला, “बाबा, एवढं कशाला?” तर सासूबाई म्हणाल्या, “असूंद्या वो, तुमच्यावानी जावई मिळाया भाग्य लागतं.” माझा चौथा धोंडा तसाच ताटात राहिला. बायकोनं माझ्याकडं बघितलं.

जेवणं झाली आणि त्यानं ती काळी पिशवी उघडली.

लॅपटॉप म्हणजे काय हे मी तोवर फक्त वर्तमानपत्रात पाहिलं होतं. त्याचा तो कंपनीत वापरून वापरून जुना झालेला होता, जाडीला वीटच, वजनही तसंच. पण झाकण वर केलं, पडदा उजळला आणि ओसरीवर जमलेली सगळी माणसं एकदम “आता ऽऽ” करून पुढं सरकली. माझ्या स्टार्टरकडं बघून कधी कुणी “आता ऽऽ” केलं नव्हतं.

त्याची अडचणही त्यानंच सांगितली. त्याच्या कंपनीनं साखर कारखान्यांसाठी उसाच्या नोंदीचा प्रोग्रॅम केला होता. कुणाचा ऊस कुठल्या गटात, कधी लावला, तोड कधी, सगळं त्यात. सोमवारी त्याला भागातल्या एका कारखान्यात संचालकांसमोर तो दाखवायचा होता. नोकरी अजून कच्ची होती, हे काम मिळालं तर पक्की करू असं साहेबानं सांगितलं होतं. आणि लॅपटॉपची बॅटरी पुरती चार्ज होत नव्हती. सत्तर टक्क्यांपाशी अडायची. वायर काढली की वीस मिनिटांत सगळं बंद.

“मग वायर लावून दाखवा की,” मी म्हणालो.

“दादा, मे महिना आहे. गळीत बंद असल्यामुळे कारखान्याची स्वतःची वीज नाही. गावचीच लाईट. ती मधेच गेली तर मी काय दाखवू?”

मुद्दा बरोबर होता. तेवढ्यात सासरे बाजेवरून म्हणाले, “त्यात काय एवढं? बॅटरीचा डाक्टर तर तुमच्या शेजारी बसलाय. आमचं थोरलं पाव्हणं.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्यानं लगेच बॅटरी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी ती उलटीपालटी केली. खालच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, निकेल-कॅडमियम.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिसं असतं. ती कधी पार उतरू द्यायची नसते. उतरून पडून राहिली की प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि बॅटरी मरते. हे मी रोज दहा गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचो. निकेलवालीचं बरोबर उलटं. ती रोज अर्धीमुर्धी वापरून परत भरत राहिलं की तेवढ्यावरच अडायला लागते. तिला एकदा पार तळापर्यंत उतरवायची, मग पुरती भरायची, असं दोन-तीनदा केलं की ती ताळ्यावर येते. आणि हे मला माहीत होतं. बारामतीत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा एकजण माझ्या ओळखीचा होता. त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या निकेलच्याच. त्या उतरवायला मीच त्याला स्कूटरचा इंडिकेटरचा बल्ब जोडून दिला होता, आणि दर लग्नसराईच्या आधी त्या बॅटऱ्या माझ्याच दुकानात बल्ब पेटवून विझेपर्यंत पडलेल्या असायच्या.

साडूनं विचारलं, “ऑफिसमध्ये मी ही कायम वायरला लावूनच ठेवतो. तिथला एकजण म्हणाला, एकदा पूर्ण रिकामी करून बघ. पण मला धीर होत नाही. रिकामी झाली आणि परत चढलीच नाही तर? करू का, दादा?”

मी घसा साफ केला. म्हणालो, “अजिबात नको. बॅटरी तळाला नेली की मेली समजा. ही आता म्हातारी झाली. चार्जिंगला लावून ठेवा, जेवढी चढेल तेवढी खरी.”

शब्दन् शब्द शिशाच्या बॅटरीबद्दल खरा होता. त्यामुळे आवाजही कापला नाही. त्याचं तोंड उतरलेलं बघितलं आणि मला बरं वाटलं. आता यात लपवायचं काय? चांगलं वाटलं. म्हटलं, घाल आता अंगठी.

संध्याकाळी बायको गोठ्यात धारेला बसली होती. मी सहज तिथं गेलो, म्हणजे ओसरीवरचं कौतुक ऐकवत नव्हतं म्हणून गेलो. ती मान वर न करता म्हणाली, “त्या व्हिडिओवाल्याच्या बॅटऱ्या तुमी बल्ब लावून पार इझवता. त्या कशाच्या असत्यात?”

दुपारचा डबा घेऊन ती रोज दुकानात यायची, मी जेवेपर्यंत स्टुलावर बसायची. पाच वर्षं. ती तिथं बसून काय बघत असेल, हा विचार मी कधी केला नव्हता.

“ते वेगळं,” मी म्हणालो.

“काय येगळं?”

“तुला काय कळतं गं त्यातलं?”

तिनं चरवी उचलली आणि घरात निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण झालं की मला माझी बाजू सापडते. आता ती सापडेना. त्या रात्री मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. सोमवारी तो मान खाली घालून संचालकांसमोर उभा आहे, असं चित्र मनात आणलं की पहिल्यांदा गुदगुल्या व्हायच्या आणि मग मागोमाग मेव्हणीचा चेहरा यायचा. तिला मी परकरात असल्यापासून बघत होतो. दर दिवाळीला मला ओवाळणी मागून भंडावून सोडणारी पोर ती. नोकरी गेली तर तिच्याही घरातली जाणार होती.

रविवारी सकाळी मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो, तर साडू येऊन शेजारी टेकला. बशीत चहा ओतत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “दादा, रात्रभर लावून ठेवली. सत्तरच्या वर गेली नाही. तुम्हाला अजून काही वेगळं सुचतंय का? तुमचा हात फिरल्याशिवाय काही खरं नाही.”

स्वयंपाकघराच्या दाराशी बायको तांदूळ निवडत होती. तिचे हात चालू होते.

मी कप खाली ठेवला. मग डॉक्टर करतात तसा चेहरा करून म्हणालो, “मी पण रात्री त्याचाच विचार करत होतो. ही बॅटरी निकेलची आहे. निकेलचा स्वभाव वेगळा. तुमचा ऑफिसवाला अगदीच चुकीचं बोलला नसेल. एकदा पार उतरवून बघू. पण माझ्या देखरेखीखाली.”

“अरे वा!” तो उठून उभाच राहिला. “हे मला सुचलंच नसतं.”

काम सोपं होतं. वायर काढायची, लॅपटॉप चालू ठेवायचा. वीस मिनिटांत तो विझला. तरी मी त्याला परत चालू करायला लावलं, कारण यंत्र जरा आधीच दमल्याचं सोंग करतं, खाली अजून शिल्लक असते. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर तो आणखी दहा मिनिटं जगला. मग बटण दाबलं तरी दिवा लागेना. आता चार्जिंग. एरवी त्या गावची लाईट दर दोन तासांनी जायची. त्या रविवारी एकदाही गेली नाही. तिलाही धाकटा जावईच पसंत पडला असणार.

दुसऱ्या फेरीला आकडा पंच्याऐंशीवर गेला. आणि इथं माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. बॅटरी जसजशी सुधारायची, तसतशी ती रिकामी करायला जास्त वेळ लागायचा. आणि लॅपटॉपची बॅटरी रिकामी करायची म्हणजे लॅपटॉप वापरायचा! इथं बल्ब लावून कोपऱ्यात ठेवायची सोय नाही. साडू म्हणाला, “या सगळ्यांनी, जितकं वापराल तितकं चांगलं. दादांनीच सांगितलंय.”

झालं. अख्खं घर त्याच्याभोवती. सासऱ्यांनी आधी लांबून विचारलं, “ह्यात सातबारा दिसतो का?” नाही म्हटल्यावर ते निराश झाले, पण त्यानं पडद्यावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात काढून दाखवलं तेव्हा टोपी सारखी करून बसले. सासूबाईंनी बोटानं पडद्यावर रांगोळी काढली, म्हणजे बोट खालच्या चौकोनावर फिरवायचं आणि रेघ वर उमटायची. ठिपके सरळ येईनात तशा त्या हसायला लागल्या. त्यांना इतकं हसताना मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. मी त्यांना मिक्सर दुरुस्त करून दिला होता, तेव्हा त्या नुसत्या “बरं झालं” म्हणाल्या होत्या.

मग बायको बसली. पत्त्यांचा डाव होता त्यात, एकट्यानं लावायचा. त्यानं एकदा सांगितलं आणि ती लावायला लागली. लाल सत्तीवर काळी छक्की, काळ्या राजाखाली लाल राणी. पहिला डाव अडला, दुसरा अडला, तिसरा सुटला. पडद्यावर पत्ते धबाधबा उड्या मारायला लागले आणि ती टाळी वाजवून हसली. “अक्का, तुम्ही फार लवकर शिकलात,” साडू म्हणाला. “मला यायला आठवडा लागला होता.”

मी चार हातांवर बसलो होतो, हातात घड्याळ, मिनिटं मोजत. माझा नुसता जळफळाट चालला होता. साडूवर तर होताच, पण आता बायकोवरही. ही माझ्या दुकानात इतकी वर्षं येते, कधी अशी टाळी वाजवली नाही. वाजवणार कशी? मी तिला तिथं स्टुलाखेरीज दुसरं काही कधी दिलंच नव्हतं. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, “जास्त जोरात दाबू नकोस, बिघडेल.”

दिवस मावळायच्या सुमाराला तिसऱ्या फेरीचं चार्जिंग संपलं. आकडा शंभरावर जाऊन उभा राहिला. साडूनं लॅपटॉप बाजूला ठेवला, उठला आणि सगळ्यांच्या समोर वाकून माझ्या पायाला हात लावला. “दादा, तुम्ही होता म्हणून.” सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. “म्या म्हणलं न्हवतं? बॅटरीत ह्यांचा हात धरणारा उभ्या तालुक्यात न्हाय.” सासूबाईंनी माझ्यापुढं अनारशाची बशी ठेवली, आधी माझ्यापुढं. मी ते सगळं घेतलं. लाज वाटली म्हणता? नाही वाटली. मी दोन अनारसे खाल्ले आणि तिसरा मागितला.

सोमवारी सकाळी आम्ही बारामतीला परत आलो. बुधवारी दुपारी दुकानातला फोन वाजला. मेव्हणीचा होता, पुण्याहून.

“दाजी, कारखान्यानं व्हय म्हणलं! ऐन दाखवायच्या टायमाला लाईट गेली. सगळा हॉल अंधारात आन् ह्यांचा एकट्याचा पडदा चालू. पाऊण तास नुस्त्या बॅटरीवर दाखवलं. च्येरमन म्हणले, लाईट गेली तरी ज्याचं अडत न्हाय त्याचंच घिऊ.”

मी म्हणालो, “छान झालं. मला खात्री होतीच.”

“आन् अक्काला सांगा, तिच्यामुळं ह्यांना शनवारी झोप तरी लागली.”

“अक्कामुळं?”

तिचा आवाज एकदम खाली आला, “आता बोलून बसले खरी. दाजी, राग मानू नगा. शनवारी दिवेलागणीला अक्कानं ह्यांना गाठलं व्हतं. म्हणाली, बॅटरी पार उतरवून भरा, तीनदा, नीट हुईल. हे लगीच कराया निघालं, तर म्हणाली, आज नगा. सकाळी च्याच्या वक्ताला त्यांनाच परत इचारा. ते सांगत्याल.”

मी फोन ठेवला. समोर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांमधून बुडबुड्यांचा आवाज येत होता. मला एकेक आठवत गेलं. बशीत चहा ओतत, माझ्याकडे न बघता विचारलेला प्रश्न. ‘हे मला सुचलंच नसतं.’ सगळ्यांसमोर पायाला लावलेला हात. त्याला माहीत होतं. शनिवारी मी खोटं बोललो हे माहीत होतं, आणि नोकरी पणाला लागलेली असताना, हातात दोन रात्री उरलेल्या असताना, त्यातली एक त्यानं माझ्या मानासाठी वाया घालवली होती. आणि मी तीन अनारसे खाल्ले होते.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. पदरानं घाम पुसून तिनं ताट मांडलं, भाकरी वाढली, स्टूल ओढून बसली. मी तिला फोनचं सांगितलं, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ओशाळली नाही, की फुशारलीही नाही.

“आणि मी नसतं सांगितलं तर?” मी विचारलं.

“तुमी सांगणार, हे मला ठावं व्हतं.”

मी भाकरी मोडत राहिलो. डोळ्यात पाणीच यायचं बाकी होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाली,

“पर दुपारपत्तुरच वाट बघणार व्हते. जेवणं झाली की मीच सांगणार व्हते. समद्यांच्या म्होरं.”